आईने हक्कसोडपत्रावर सही करावी का?

प्रश्न एका लेकीचा आहे. आजोबा १९९८ साली वारले. सांगली जिल्ह्यात दहा एकर जमीन. मागे आजी, दोन मामा, आई आणि मावशी. आईचं लग्न १९८२ चं, मावशीचं १९९६ चं. सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून मामांची नावं, आणि आजी, आई, मावशी तिघी ‘इतर हक्कां’त. आता गावाजवळून मोठा रस्ता जातोय, जमिनीला भाव आलाय, आणि मामांनी निरोप धाडलाय की दिवाळीला आलात की हक्कसोडपत्र करून टाकू. आई म्हणते, “मला काय कमी आहे? सही करते, माहेर तरी राहील.” लेकीचं विचारणं असं, की आईला अडवायचा मला हक्क आहे का, आणि तिने सही केली तर आमचं, पुढच्या पिढीचं, नेमकं काय जातं?

एकतीस वर्षं मी तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या कोर्टात दिवाणी वकिली करते. त्यातली निम्मी वर्षं वाटपाच्या दाव्यांत गेली. त्यामुळे उत्तर लांबेल.

आधी सरळ सांगते. तुम्हाला आईला अडवता येणार नाही. आजोळच्या जमिनीत मुलीच्या मुलांना जन्माने हक्क येत नाही. हक्क आईचा आहे, तिच्या हयातीत तो ठेवायचा की सोडायचा हे तीच ठरवणार. वाटप होण्याआधी ती गेली, तर मात्र तिच्या जागी तिची मुलं उभी राहतात. म्हणून तुमचं काम आईला समजावून सांगण्याचं आहे. त्यासाठी आधी आकडा कळायला हवा. मी पाहिलेल्या दहांतल्या नऊ बायका आपण किती सोडतोय हे माहीत नसताना सही करतात.

तुमच्या घरातली आकडेमोड विलक्षण आहे, कारण आई आणि मावशी यांच्या लग्नांमध्ये एक कायदा येऊन गेला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगी वारस झाली, पण वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत जन्मतः हिस्सा मुलांनाच राहिला. बाप वारला की त्याच्या स्वतःच्या हिश्श्यातला तुकडा तेवढा मुलीला मिळायचा. महाराष्ट्राने १९९४ साली, २२ जूनपासून, मुलीलाही मुलाबरोबरीची सहदायाद, म्हणजे एकत्र मिळकतीत जन्मतः वाटेकरी, केलं. पण अट अशी घातली की त्या तारखेच्या आधी लग्न झालेल्या मुलींना हे लागू नाही. म्हणजे तुमची मावशी त्या दिवशी बिनलग्नाची, म्हणून आत. आई बारा वर्षं आधीच सासरी गेलेली, म्हणून बाहेर.

आता १९९८ साली आजोबा गेले तेव्हाचा हिशेब करा. जमीन वडिलोपार्जित धरली, तर दहा एकर म्हणजे चारशे गुंठे. काल्पनिक वाटपात, म्हणजे आजोबा जाण्याच्या क्षणी वाटप झालं असं मानून केलेल्या हिशेबात, आजोबा, आजी, दोन मामा आणि मावशी असे पाच हिस्से, प्रत्येकी ऐंशी गुंठे. आजोबांचे ऐंशी गुंठे पुन्हा पाच वारसांत, म्हणजे सोळा-सोळा. मावशीला शहाण्णव गुंठे, मामांना शहाण्णव, आजीला शहाण्णव. आणि तुमच्या आईला सोळा. एकाच आईच्या पोटच्या दोघी बहिणी, एकाच चुलीजवळ वाढलेल्या, आणि फरक सहापट, कारण एकीचं लग्न वेळेवर उरकलं. असे आकडे मी पक्षकारांच्या समोर कागदावर मांडलेत आणि थोरल्या बहिणीचा चेहरा पाहिलाय.

हे बदललं २००५ साली. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने लग्न झालेली, न झालेली, सगळ्या मुली जन्मतः सहदायाद झाल्या. तरी पंधरा वर्षं वाद चालला की त्या तारखेला बाप हयात असायला हवा की नको. २०१५ च्या निकालाने हवा म्हटलं, २०१८ च्या निकालाने गोंधळ वाढवला, आणि ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी सांगितलं की हक्क जन्माने येतो, बापाच्या हयातीशी त्याचा संबंध नाही. म्हणून आज वाटप झालं तर आई, मावशी, दोन मामा आणि आजी, प्रत्येकी ऐंशी गुंठे. दोन एकर. तुमची आई सही करून सोडणार आहे ते हे दोन एकर.

जमीन आजोबांची स्वकष्टार्जित निघाली आणि मृत्युपत्र नसेल, तरी आकडा तोच येतो, कारण १९५६ च्या कायद्यानेच पाचही जण समान वारस आहेत. पण मृत्युपत्र आहे का, हे आधी विचारा. आणि जमीन कुळकायद्याने मिळालेली असेल (तुमच्या भागात हे फार), तर ३२ ग चा, म्हणजे कूळ मालक झाल्याचा, जुना फेरफार काढा. कूळ म्हणून नाव कुणाचं लागलं, आणि तो माणूस एकट्यासाठी कसत होता की सगळ्या कुटुंबासाठी, यावर पुष्कळ ठरतं.

आता तुमचा खरा प्रश्न, पुढच्या पिढीचं काय जातं. हे मी कायद्याच्या पुस्तकातून सांगत नाही.

माझी आजी १९४९ साली विधवा झाली. वय चोवीस, पदरात एक मुलगी, माझी आई. दिरांनी पंचांसमोर कागद केला आणि दीड एकर जिराईत तिला लिहून दिली, ‘चोळीबांगडी व पोटगीसाठी, हयातीपर्यंत’. मालकी दिरांचीच. ती गेली की जमीन परत. सात वर्षांनी १९५६ चा कायदा आला आणि त्याच्या १४ व्या कलमाने, पोटगीपोटी बाईच्या ताब्यात असलेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची केली. हे आजीला कुणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ती भुईमूग घ्यायची, दिरांना विचारून बांधावरचं झाड तोडायची, आणि १९८१ साली गेली. तेराव्याला पुतण्यांनी कागद पुढे ठेवला, हयात संपली.

आमच्या तालुक्यात तेव्हा एक म्हातारे वकील होते. त्यांनी आईला सांगितलं की तुळसम्मा नावाच्या आंध्रातल्या एका विधवेसाठी सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली निकाल दिलाय, ‘हयातीपर्यंत’ हा शब्द आता उरला नाही, जमीन तुझ्या आईची होती आणि आता तुझी आहे. माझ्या आईला सही करण्यापुरतं लिहिता येत होतं, पण ते नाव तिला शेवटपर्यंत पाठ होतं. तुळसम्मा. १९८८ साली तिने त्यातले वीस गुंठे विकले आणि मला पुण्याला लॉ कॉलेजच्या वसतिगृहात ठेवलं. वडील नको म्हणत होते. तिने त्यांना विचारलं नाही, कारण जमीन तिची होती. आमच्या घरात त्याआधी कुणीही बाईने नवऱ्याला न विचारता पन्नास रुपयेसुद्धा खर्चले नव्हते.

म्हणून कुणी विचारलं की बाईच्या नावावरच्या दीड एकराने काय होतं, तर मी सांगते, दोन पिढ्यांनी वकील होते.

उलटंही पाहिलंय. काही वर्षांपूर्वी एक बाई तिच्या दोन भावांबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात आली होती. मी दुसऱ्या दस्तासाठी तिथे बसले होते. नवी कोरी साडी, घडीच्या खुणा तशाच. हक्कसोडपत्र होतं. फोटो झाला, मग अंगठा. तो यंत्रावर उमटेना. आयुष्यभर खुरपणी केलेल्या हाताच्या रेषा झिजलेल्या असतात. तिने पदराने अंगठा पुसला, पुन्हा ठेवला, पुन्हा नाही. ऑपरेटरने ओला कपडा दिला. चौथ्यांदा उमटला तेव्हा दोन्ही भावांनी सुस्कारा सोडला. दस्तात काय लिहिलंय हे तिला कुणी वाचून दाखवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. नऊ वर्षांनी तीच बाई माझ्या टेबलासमोर बसली होती. नवरा गेलेला, मुलाने घर स्वतःच्या नावावर करून घेतलेलं, सून जेवायला देईना. माहेरी गेली तर भावांची मुलं म्हणाली, आत्या, दोन दिवस राहा. दोनच दिवस. “मॅडम, माझा तिथला वाटा काढून द्या,” ती म्हणाली. मी तिच्यासमोर दस्त वाचला. राजीखुशीने, विनामोबदला, कायमचा. फसवणुकीचा दावा करायचा तर फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत करावा लागतो, आणि तिला कुणी फसवलंही नव्हतं. तिने माहेर राहावं म्हणून सही केली होती.

बहिणीने वाटा मागितला की माहेर तुटतं, ही आईची भीती खोटी नाही. भाऊबीज बंद झालेली घरं मी पुष्कळ पाहिलीत, त्यातल्या काही घरांत बहिणीची नोटीस माझ्याच सहीची होती. पण सही केल्याने माहेर टिकतं, असंही दिसत नाही. आजी आहे तोवर माहेर आजीमुळे आहे. त्यानंतर भावांच्या मनावर, आणि भावांनंतर भाच्यांच्या. त्या घरात बहिणीचं नाव कुठे राहिलं असेल तर तिला जाताना पाहुणी म्हणून जावं लागत नाही.

आता मामींचा विचार करा, कारण अशा प्रकरणात सगळ्यात जास्त कडवटपणा मामींच्या नावावर जमा होतो. “नणंदा आल्या वाटा मागायला.” मी अनेक मामींना उलटतपासणीत विचारलंय की तुमच्या माहेरी किती जमीन आहे, आणि तुमचं नाव आहे का. बहुतेकींनी माहेरी सही केलेली असते. भावांनी घेतली असते, साडीचोळी दिलेली असते. मग सासरच्या जमिनीवाचून तिला दुसरा आधार उरत नाही, आणि ती जमीनही तिच्या नावावर नसते. नणंदेच्या वाट्याला ती जिवाच्या आकांताने विरोध करते ते म्हणून. तुमच्या मामांच्या घरात बहिणींच्या सहीने जे येणार आहे, तेवढंच मामींच्या सहीने दुसऱ्या गावात कधीच गेलेलं आहे. गावोगाव हिशेब केला तर घरं साधारण जिथल्या तिथेच राहतात. बायका मात्र दोन्ही उताऱ्यांवरून जातात. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शेतजमिनीच्या खातेदारांत बायका सुमारे १४ टक्के होत्या, आणि त्यांच्याकडचं क्षेत्र १२ टक्क्यांहूनही कमी. राबणाऱ्यांत त्या किती आहेत हे कुठल्याही बांधावर उभं राहिलं की दिसतं.

याचा घरावर काय परिणाम होतो हे मोजलंही गेलंय. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या पाचशेच्या आसपास विवाहित स्त्रियांचा एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. नावावर घर-जमीन काहीच नसलेल्यांपैकी ४९ टक्क्यांनी मारहाण सोसली होती, दोन्ही असलेल्यांपैकी ७ टक्क्यांनी. ज्या बाईला निघून जायला जागा आहे तिच्यावर हात उगारताना माणूस दोनदा विचार करतो, हे मला आकड्यांशिवायही पटलं असतं.

महाराष्ट्र आणि कर्नाटकाने १९९४ साली कायदा आधी बदलला, म्हणून अभ्यासकांना तुलनेची सोय झाली. कायद्याचा लाभ मिळालेल्या मुलींकडे जमीन येण्याचं प्रमाण वाढलं, त्यांची लग्नं उशिरा झाली, शाळेची वर्षं वाढली, आणि पुढे त्यांच्या मुलींच्या शिक्षणावरही त्याची छाप दिसली. पण जिथे मुलीचा वाटा खरा होईल असं दिसलं, तिथे काही घरांत मुलाचा हट्टही वाढला, आणि पहिली मुलगी असलेल्या घरांत दुसरा गर्भ तपासून पाडण्याचं प्रमाण वाढल्याचं दुसऱ्या अभ्यासांत आढळलं. हे वाचलं तेव्हा मी दोन दिवस अस्वस्थ होते. ज्या कायद्यासाठी आम्ही मेळाव्यांतून बोललो, त्यानेच कुणाचा तरी जन्म नाकारला गेला. तरी माझं मत बदललं नाही. मुलीला वाटा दिला म्हणून ती नकोशी झाली नाही. जमीन घराबाहेर जाते असं वाटलं म्हणून झाली. जमीन मुलीबरोबर बाहेर जाते, हेच मनातून काढायला पिढ्या लागणार आहेत, आणि ते प्रत्येक घरात एकेका सहीच्या वेळी निघतं किंवा घट्ट होतं.

मामांच्या बाजूनेही बोलायला हवं. “लग्नात एवढा खर्च केला, तोच तिचा वाटा” हे मी मान्य करत नाही. हुंडा १९६१ पासून गुन्हा आहे, आणि दिला असेल तर तो तुमच्या आईच्या हातात आलाच नाही, सासऱ्यांच्या हातात गेला. पण “आईला पंचवीस वर्षं आम्ही सांभाळलं, विहीर आम्ही खोदली, पाइपलाइनचं कर्ज आम्ही फेडलं” हे खरं असेल तर त्याला किंमत आहे आणि ती मांडली गेली पाहिजे. मुली सांभाळायला बांधील नाहीत असं मात्र कायदा म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालीच, कल्याणच्या एका डॉक्टर मुलीच्या प्रकरणात, लग्न झालेल्या मुलीवरही वडिलांना पोटगी द्यायची जबाबदारी टाकली. हक्क समान मागणाऱ्यांनी आजीच्या औषधपाण्यातही हिस्सा उचलावा. माझ्याकडे येणाऱ्या बहिणींना मी पहिला प्रश्न हाच विचारते, आणि काहींना तो आवडत नाही.

तर मग करायचं काय? आधी कागद काढा. सातबारा, आठ अ, आणि १९९८ सालचा वारसाचा फेरफार. त्या फेरफारात “मुलींनी जबाब देऊन हक्क सोडला आहे” अशी ओळ असेल तर घाबरू नका. तलाठ्यासमोरच्या जबाबाने जमिनीतला हक्क सुटत नाही, त्याला नोंदणीकृत दस्त लागतो. तसंच “१९९९ ला तोंडी वाटप झालं होतं” असं मामा म्हणाले तर ते कशावरून, हे विचारा. २० डिसेंबर २००४ च्या आधीचं वाटप कायद्याने वाचतं खरं, पण ते नोंदणीकृत असावं किंवा कोर्टाच्या हुकुमाने झालेलं. तोंडी वाटपाला २०२० च्या निकालाने अगदी अरुंद फट ठेवलीय, तीही सरकारी कागदांचा पक्का आधार असेल तर. त्या तारखेआधी मामांनी काही तुकडा विकला असेल तर मात्र तो गेला असं समजा.

मग नावं. ‘इतर हक्कां’त नाव असलं म्हणून हक्क कमी होत नाही, हे बरोबर. पण व्यवहारात पीककर्ज, अनुदान, भूसंपादनाची नोटीस आणि मोबदला, सगळं कब्जेदाराच्या रकान्याकडे जातं. रस्ता येतोय म्हणता, मग हे आजच करा. २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम चालली ती मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठी. गावच्या तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) जाऊन विचारा, तिघींची नावं वर घेण्याचा अर्ज करा, आणि अर्जाची पोच घ्या. तोंडी “करतो मॅडम” वर विसंबू नका.

त्यानंतर मामांशी बोलणं. भाऊबीजेला नको, त्या दिवशी ओवाळायचं असतं. वकिलाची नोटीस पहिली जाऊ नये असं मी वकील असून सांगते. आई आणि मावशी दोघींनी मिळून जावं. एकटीला समजावणं सोपं असतं. आणि बोलताना “वाटा द्या” इथून सुरू करू नये, “नावं लागू देत, मग काय ते ठरवू” इथून करावं. नाव लागल्याने जमीन कुणी उचलून नेत नाही. मामाच कसत राहू देत. आई-मावशीने वर्षाला धान्य घ्यावं, खंड घ्यावा किंवा काहीही घेऊ नये. तो त्यांचा मोठेपणा, आणि तो दरवर्षी नव्याने दाखवता येतो. हक्कसोडपत्रात तो एकदाच दाखवता येतो.

माझ्या एका पक्षकाराने स्वतःहून हे केलं होतं. वडील वारल्यावर तिन्ही बहिणींची नावं बरोबरीने लावली, गावाने वेड्यात काढलं. बहिणींनी एक गुंठा मागितला नाही. सोळा वर्षांनी कालव्यासाठी जमीन गेली, मोबदला चौघांत आला, आणि त्याच्या मुलीच्या इंजिनिअरिंगची फी दोन आत्यांनी भरली. ती मुलगी आता माझ्याकडे सल्ल्याला येते, पण तिच्या स्वतःच्या वाट्यासाठी नव्हे, सासूच्या.

सोडायचंच असेल तरी सगळं सोडण्याची गरज नाही. दोनपैकी एक एकर ठेवता येतो. घराच्या जागेतली एक खोली मागता येते. २००५ पर्यंत मुलीला राहत्या घराचं वाटप मागताच येत नव्हतं, भावांनी वाटप काढलं तरच. ते कलम गेलं. सगळ्यांची संमती असेल तर तहसीलदारांसमोर वाटप होतं, कोर्ट लागत नाही. पैसे घेऊन सोडायचं असेल तर दस्तात रक्कम लिहा. “विनामोबदला” लिहून हातात रोख, हे करू नका, पुढे दोन्ही बाजूंची पोरं त्यावरून भांडतात. आणि काहीही ठरलं तरी दस्त सहीच्या आदल्या दिवशी घरी आणून, मोठ्याने, आईला पूर्ण वाचून दाखवा.

आई जमीन ठेवणार असेल तर तिने मृत्युपत्रही करावं. मूल नसलेल्या बाईने तर नक्कीच. बाईच्या स्वकमाईला नवरा-मुलं नसतील तर १९५६ च्या कायद्याच्या १५ व्या कलमाने आधी सासरचे वारस येतात, आईबाप नंतर. २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या प्रकरणात लग्नानंतर तीनच महिन्यांत विधवा झालेल्या, सासरने घालवून दिलेल्या, माहेरने शिकवलेल्या बाईची सगळी शिल्लक त्याच सासरकडे गेली. गोव्यात नवरा-बायकोची मिळकत सामायिक धरतात आणि आईबापांना आपल्या अर्ध्या मिळकतीपलीकडे मृत्युपत्र करताच येत नाही, उरलेलं मुलगा-मुलगी सगळ्यांत समान. पोर्तुगीज काळापासूनची ती व्यवस्था आहे. आपल्याकडे तसं कुंपण नाही. स्वकष्टार्जित असेल तर बाप एका मृत्युपत्राने मुलीला शून्य करू शकतो.

एक राहिलं. आजीचे ऐंशी गुंठे. ते तिचे स्वतःचे आहेत, पूर्ण मालकीचे, आणि ती हयात आहे. तुम्ही लिहिलेल्या प्रश्नात मामांना काय हवं, आईला काय वाटतं, तुम्हाला काय वाटतं हे सगळं आहे. आजीचं मत त्यात नाही. गावी जाल तेव्हा तिच्याजवळ बसा, तिचंही नाव ‘इतर हक्कां’त का आहे हे तिला माहीत आहे का विचारा, आणि तिचं ऐकून घ्या. त्या वेळी मामांच्या मुलींनाही बोलवा. जमीन वडिलोपार्जित असेल तर मामांच्या जन्मतः मिळालेल्या वाट्यात त्यांचा हक्कही जन्मापासून, त्यांच्या भावांइतकाच आहे. हक्कसोडपत्र छापून तयार असेल तर ते त्यांनाच मोठ्याने वाचायला द्या.